सातचं आयर्न लांब गेलं म्हणून सेट घेऊ नका: लॉफ्ट मोजून आयर्न्स कसे जुळवायचे

गोल्फच्या दुकानातल्या सिम्युलेटरवर नवं सातचं आयर्न (धातूच्या डोक्याच्या क्लबांपैकी ७ क्रमांकाचा) जुन्यापेक्षा पंधरा यार्ड लांब जातं, कार्ड स्वाइप होतं आणि सेट घरी येतो. महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. नव्वद यार्डांवरून मारायला बॅगेत काहीच नाही. चारचं आणि पाचचं आयर्न सारखंच जातं. होलभोवतीच्या ग्रीनवर पडलेला बॉल थांबायचं नाव घेत नाही, मागच्या वाळूच्या बंकरमध्ये जाऊन बसतो. मग दोष स्विंगच्या माथी मारला जातो आणि प्रोकडे, म्हणजे प्रशिक्षकाकडे, फेऱ्या सुरू होतात. यातल्या निम्म्या तक्रारींचा स्विंगशी संबंध नसतो. आधी अंतर बघितलं आणि लॉफ्ट, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) किती मागे कललेला आहे, ते बघायचं राहून गेलं, एवढंच झालेलं असतं.

आधी एक गोष्ट पक्की करा. क्लबवर कोरलेला '७' हे माप नाही. गोल्फचे नियम बॅगेत १४च क्लब ठेवू देतात, फेसवरच्या खाचा केवढ्या असाव्यात तेही सांगतात, पण सातच्या आयर्नला किती लॉफ्ट हवा याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. टायटलिस्टच्या टी१०० सेटमधल्या सातला ३४ अंश लॉफ्ट आहे, टेलरमेडच्या स्टेल्थमधल्या सातला २८. टी१००मध्ये सहाचं आयर्न ३० अंशांचं आणि पाचचं २७चं. म्हणजे स्टेल्थचं सात हाती धरलं की टी१००च्या हिशेबात तुम्ही पाच आणि सहाच्या मधलं काहीतरी मारत असता. लॉफ्ट कमी, म्हणून ते लांब जाणारच.

यात फसवणूक नाही, तसं करायला तांत्रिक कारण आहे. ते दुसऱ्या टप्प्यात येईल. पण या फरकाचा हिशेब खरेदीआधी करायचा असतो.

## तयारी

या गोष्टी जमल्याशिवाय सुरुवात करू नका:

- सगळे आयर्न्स, सगळ्या वेज (जवळच्या फटक्यांचे, जास्त लॉफ्टचे क्लब) आणि आयर्न्सच्या लगेच वर येणारा, म्हणजे त्यांच्याहून लांब मारायचा हायब्रिड किंवा फेअरवे वुड. नुसतं सातचं आयर्न घेऊन गेलात तर तपासणी अर्धवट राहील.
- राउंडला वापरता त्याच मॉडेलचे पाच-सहा बॉल.
- व्हाइटबोर्डचा, म्हणजे पुसला जाणारा मार्कर आणि एक ओला नॅपकिन.
- वही. प्रत्येक क्लबसाठी एक ओळ आणि त्यात रकाने: मोजलेला लॉफ्ट, कॅरी (हवेतलं अंतर), बॉलची उंची, उतरण्याचा कोन, शेरा.
- बॉलचं उड्डाण मोजणाऱ्या लाँच मॉनिटरवर तासाभराचा वेळ.
- लॉफ्ट आणि लाय (दांडीचा जमिनीशी होणारा कोन) मोजायचं, वाकवायचं मशीन असलेला क्लब दुरुस्त करणारा. गोल्फ क्लबच्या प्रो शॉपमध्ये विचारलं की त्याचा पत्ता मिळतो.

क्रम असा: लॉफ्ट मोजणं, हेडची (क्लबच्या डोक्याची) जात ओळखणं, कॅरी, उंची आणि उतरण्याचा कोन, लाय, मग तक्ता, आणि सगळ्यात शेवटी बदल. बदल आधी आणि मोजमाप नंतर केलं की काय कशामुळे झालं हे कधीच कळत नाही.

## टप्पा १: खरा लॉफ्ट लिहून काढा

शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, सरळ उभा धरला तर फेस उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, तो लॉफ्ट. कंपनीच्या वेबसाइटवर तो छापलेला असतो. तो आकडा उतरवून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. कारखान्यातून येतानाच एखादा अंश इकडेतिकडे असू शकतो, आणि मऊ पोलादाचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न्स सरावाच्या मॅटवर वर्षानुवर्षं आपटून हळूहळू सरकतात. तक्त्यात चार अंशांचं अंतर असलेले दोन शेजारी क्लब मशीनवर दोन अंशांवर आलेले निघतात. 'माझं आठ आणि नऊ सारखंच जातं' म्हणणाऱ्याने आधी हे तपासावं.

मशीनवर प्रत्येक क्लबचा लॉफ्ट आणि लाय दोन्ही मोजून घ्या. वाकवायचं मात्र काहीच नाही. दुरुस्ती करणारा उत्साहाने 'लगे हात सरळ करून देतो' म्हणेल, त्याला आज थांबवा.

सावधान: मोबाइलवरच्या कोन मोजणाऱ्या ॲपने घरी मोजलेला लॉफ्ट खरा धरू नका. शाफ्ट दोन अंश कलला की मोजमापही दोन अंशांनी चुकतं, आणि आपण शोधतोय ती चूकही तेवढीच असते.

तपासणी: वहीत शेजारच्या दोन क्लबांच्या लॉफ्टमधला फरक लिहा. लांब आयर्न्समध्ये ३ ते ४ अंश आणि छोट्यांमध्ये ४ ते ५ अंश फरक असेल तर ठीक. कुठे २ किंवा ७ दिसलं तर त्या जागेवर खूण करा.

## टप्पा २: हेडची जात ओळखा

लॉफ्ट सारखा असला तरी दोन आयर्न्स बॉल सारखा उडवत नाहीत. क्लब फटक्यासाठी उभं राहताना धरतो तसा जमिनीवर ठेवा, मग उलटा करून सोल, म्हणजे तळ, बघा. चार गोष्टी नजरेने कळतात.

वजन कुठे आहे. ब्लेडमध्ये (पातळ, भरीव हेड) वजन फेसच्या मागे एकवटलेलं असतं. कॅव्हिटी बॅकमध्ये (मागून खोलगट हेड) ते कडेने पसरलेलं असतं, त्यामुळे मध्यापासून सरकून लागलेला फटका कमी वळतो आणि कमी वेग गमावतो. याचा लांबीशी थेट संबंध थोडाच. फायदा हा की वाईट फटका फार वाईट होत नाही.

वजन किती खाली आणि किती मागे आहे. रुंद सोलचं आयर्न हातात घेतलंत की वजन खाली गेल्याचं जाणवतं. गुरुत्वमध्य खाली आणि मागे गेला की बॉल जास्त कोनात उठतो. शिवाय स्विंगच्या शेवटी शाफ्ट पुढे वाकतो आणि हेड थोडं वर बघू लागतं, म्हणून छापील लॉफ्टपेक्षा जास्त लॉफ्ट बॉलपर्यंत पोचतो. आता अशा हेडला जुना ३५ अंशांचा लॉफ्ट ठेवला तर बॉल उगाच आकाशात जाईल. म्हणून डिझायनर लॉफ्ट कमी करतात, ज्याला स्ट्राँग करणं म्हणतात. उंची साधारण तीच राहते, वेग वाढतो आणि अंतर वाढतं. मघाशी म्हटलं ते तांत्रिक कारण हेच.

फेस किती पातळ आहे. पोकळ हेड आणि पातळ फेसच्या आयर्न्समध्ये फेस किंचित दबून परत येतो, बॉलचा वेग वाढतो. कमी लॉफ्टमुळे स्पिन, म्हणजे बॉलची उलटी फिरकीही, घटतो. वेग जास्त आणि स्पिन कमी म्हणजे लांबी नक्की, पण ग्रीनवर ब्रेक कमी.

ऑफसेट. फेसची पुढची कडा शाफ्टच्या मागे सरकवलेली असते. फेस बंद व्हायला थोडा जास्त वेळ मिळतो, म्हणून उजवीकडे स्लाइस करणाऱ्यांना मदत होते. मुळात डावीकडे हुक मारणाऱ्याने जास्त ऑफसेटचा सेट घेतला तर त्याची डावी बाजू आणखी बिघडते.

फोर्ज्ड म्हणजे लांब किंवा फोर्ज्ड म्हणजे अवघड, या दोन्ही समजुती सोडून द्या. फोर्जिंग (ठोकून घडवणं) आणि कास्टिंग (ओतून बनवणं) या हेड बनवायच्या पद्धती आहेत. अंतर ठरतं ते लॉफ्ट, फेसची जाडी आणि वजनाची जागा यांवर. पद्धतीचा फरक पुढे, वाकवताना, जाणवेल.

तपासणी: सेटमधलं चार आणि नऊ शेजारी ठेवून बघा. पुष्कळ सेटमध्ये लांब आयर्न्स पोकळ आणि छोटे भरीव असतात. तसं असेल तर जिथे जात बदलते तिथे अंतराची उडी अचानक मोठी किंवा छोटी होऊ शकते. वहीत ती जागा लिहून ठेवा.

## टप्पा ३: कॅरी मोजा, एकूण अंतर नाही

बहुतेकांचं मोजमाप बिघडतं ते या टप्प्यावर. कॅरी म्हणजे बॉल हवेतून जाऊन पहिल्यांदा जमिनीवर टेकतो तिथपर्यंतचं अंतर. त्यापुढचं घरंगळणं जमीन ठरवते. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर मे महिन्यात पंधरा यार्ड पळणारा बॉल जुलैत पडल्या जागी रुततो. क्लब तोच, स्विंग तोच. म्हणून जुळवणी नेहमी कॅरीवर.

१. पंधरा-वीस छोटे फटके मारून अंग गरम करा. थंड अंगाने मारलेले पहिले फटके वहीत घेऊ नका.

२. पिचिंग वेजपासून सुरुवात करा आणि लांब आयर्न्सकडे जा. उलटं केलंत तर छोटे क्लब येईपर्यंत थकलेले असाल आणि त्यांची अंतरं खोटी येतील.

३. प्रत्येक क्लबने सात-आठ फटके. पूर्ण फसलेले सोडून द्या, आणि सगळ्यात लांब गेलेला एकही सोडून द्या. उरलेल्यांतलं मधलं अंतर लिहा. 'एकदा दीडशे गेला होता' हे अंतर कोर्सवर कधी उपयोगी पडत नाही.

४. दोन क्लबांच्या मधे दोन मिनिटं बसा.

सावधान: रेंजचे (सरावाच्या मैदानावर मिळणारे) बॉल वापरू नका. ते टणक, झिजलेले असतात, काही तर मुद्दाम कमी उडणारे बनवतात. त्यांनी मोजलेल्या अंतराला काही अर्थ नाही. शिवाय काही यंत्रं इनडोअर स्पिन प्रत्यक्ष मोजत नाहीत, त्याचा अंदाज बांधतात. विशिष्ट खुणेचा बॉल वापरला तर अचूक मोजतात. चालवणाऱ्याला सरळ विचारा.

सावधान: मॅट खोटं बोलतो. बॉलच्या एक इंच मागे लागलेला क्लब मॅटवरून सरकून बॉलला जवळजवळ नीट लागतो. गवतावर तोच फटका तीस यार्ड कमी जातो. शक्य असेल तिथे गवतावर मोजा. मॅटवरच मोजायचं असेल तर फटक्याचा आवाज ऐका. बॉलच्या आधी 'थप' ऐकू आलं तर तो फटका वहीत घेऊ नका.

तपासणी: यंत्रावर समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान भरलेलं असतं. ते तुमच्या गावाचं आहे का ते बघा. थंडीत किंवा खूप उंचीवर सेट केलेलं यंत्र फसवं अंतर दाखवतं.

## टप्पा ४: उंची, स्पिन आणि उतरण्याचा कोन

बहुतेक जण कॅरी बघून थांबतात. पण आयर्नचं काम ग्रीनवर बॉल थांबवण्याचं आहे, आणि ते उतरण्याच्या कोनावर ठरतं. सातच्या आयर्नने बॉल ४५ अंशांपेक्षा चपटा उतरत असेल तर कडक ग्रीनवर तो पळेल. चाळीसच्या खाली आला तर ग्रीनच्या अलीकडे टाकून घरंगळवावा लागेल. पुढे बंकर असेल तर तोही मार्ग बंद.

तुलनेला ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटरची सरासरी बघा. पुरुषांच्या पीजीए टूरवर सातच्या आयर्नच्या हेडचा वेग ताशी ९० मैलांच्या आसपास, बॉल साधारण १६ अंशांनी उठतो, स्पिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या घरात आणि कॅरी १७० यार्डांच्या पुढे. महिलांच्या एलपीजीए टूरवर वेग ७६ मैलांच्या आसपास, बॉल सुमारे १९ अंशांनी उठतो आणि कॅरी १४० च्या जवळ. आपल्यापैकी बऱ्याच पुरुषांचा वेगही साधारण तेवढाच असतो, तरी टीव्हीवर बघून नक्कल मात्र पुरुषांच्या टूरची केली जाते. कमी वेग असेल तर बॉल जास्त कोनात उठावाच लागतो, त्याशिवाय तो उंच जात नाही. अशा खेळाडूच्या लांब आयर्न्सना स्ट्राँग लॉफ्ट पेलत नाही. १९-२० अंशांचं चारचं आयर्न हळू स्विंगवर जमिनीलगत सुटतं आणि पाचच्या अलीकडे पडतं.

इथे छापील लॉफ्ट आणि प्रत्यक्ष पोचलेला लॉफ्ट यांतला फरकही लक्षात घ्या. बॉलला लागताना हात बॉलच्या पुढे असतील तर शाफ्ट लक्ष्याकडे कललेला असतो आणि लॉफ्ट कमी होतो. हात मागे राहिले आणि मनगटाने बॉल उचलायचा प्रयत्न झाला तर लॉफ्ट वाढतो. बॉल कमी लांब आणि जास्त उंच जातो. असा खेळाडू दुकानात स्ट्राँग सेट मारतो आणि त्याला वाटतं, हेच औषध होतं. खरं तर त्याची सवय लपते आणि छोट्या वेजमध्ये पुन्हा उघडी पडते.

तपासणी: मित्राला मोबाइलवर समोरून स्लो मोशन घ्यायला सांगा. बॉलला क्लब लागतो त्या फ्रेममध्ये ग्रिपचं टोक कुठे आहे ते बघा. टोक बॉलच्या मागे असेल तर सेट बदलण्याआधी दोन-चार तास प्रोकडे घालवा. त्यानंतर सगळी अंतरं बदलतील आणि आजची वही रद्द होईल, तेव्हा आधी प्रो, मग मोजमाप.

## टप्पा ५: लाय तपासा

लॉफ्टच्या गोंधळात लाय हमखास विसरला जातो. क्लब जमिनीवर सपाट टेकवल्यावर शाफ्ट जमिनीशी जो कोन करतो, तो लाय. हेडचं टोक (शाफ्टपासून लांबची बाजू) वर उचललं गेलं तर उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे सुरू होतो, टाच (शाफ्टकडची बाजू) वर गेली तर उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून चुकीच्या लायची वेज पाचच्या आयर्नपेक्षा जास्त वाकडी जाते.

तपासायची पद्धत स्वस्त आहे. बॉलवर मार्करने जाड उभी रेघ काढा आणि ती फेसच्या बाजूला, अगदी उभी ठेवा. एक फटका मारा. रेघेचा ठसा फेसवर उठेल. फेसवरच्या खाचांना तो ९० अंशांत छेदत असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं तर लाय जास्त उभा आहे, टाचेकडे झुकलं तर जास्त सपाट. नॅपकिनने फेस पुसा, पुन्हा मारा. पाच, सात, नऊ आणि पिचिंग वेज, एवढ्यांवर प्रत्येकी तीन ठसे पुरेत.

वापरलेला पिंगचा सेट घेत असाल तर हेडवरचा रंगीत ठिपका बघा. काळा म्हणजे स्टँडर्ड लाय, निळा किंचित उभा, लाल किंचित सपाट. विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा ठिपका बघणं सोपं.

सावधान: क्लब नुसता बॉलमागे ठेवून लाय ठरवू नका. फटक्याच्या वेळी शाफ्ट खालच्या बाजूला थोडा वाकतो आणि हातही उचलले जातात. उभ्या उभ्या बघितलेला लाय नेहमी वेगळा असतो.

## टप्पा ६: तक्ता मांडा आणि वाचा

आता वहीतल्या ओळी एकाखाली एक लिहा. नमुना म्हणून मध्यम वेगाच्या खेळाडूचा, ३० अंशांच्या सातचा सेट घेऊ:

- सँड वेज: ५६ अंश, ७२ यार्ड
- पिचिंग वेज: ४३ अंश, १०४ यार्ड
- नऊ: ३८ अंश, ११५ यार्ड
- आठ: ३४ अंश, १२६ यार्ड
- सात: ३० अंश, १३७ यार्ड
- सहा: २६ अंश, १४६ यार्ड
- पाच: २३ अंश, १५० यार्ड
- चार: २० अंश, १४८ यार्ड

पिचिंग वेजपासून सातपर्यंत सगळं सुरळीत आहे, प्रत्येकी अकरा यार्ड. सहाला नऊ, हेही चालेल. पाचला चारच यार्ड मिळाले, आणि चारचं आयर्न तर पाचच्या मागे पडलं. म्हणजे या खेळाडूची आयर्न्सची वरची हद्द सहा, फार तर पाच. त्यापुढचे आयर्न्स बॅगेत नुसतं ओझं.

खालची बाजू त्याहून वाईट. पिचिंग वेज आणि सँड वेज यांच्यात १३ अंश आणि ३२ यार्ड. पंचाहत्तर ते शंभर यार्डांत, जिथे सगळ्यात जास्त अचूक मारता यायला हवं, तिथे प्रत्येक वेळी अर्धा स्विंग. सेटमध्ये वेज 'आहे' म्हणून कुणी तिचा लॉफ्ट बघत नाही आणि जुनी सँड वेज तशीच पुढे चालू राहते.

एका अंशाला साधारण दोन-तीन यार्ड, असं धरून हिशेब करता येतो. चारच्या फरकाला दहा-अकरा यार्ड. हळू स्विंगला कमी, वेगवान स्विंगला जास्त. तुमचा खरा आकडा तुमच्याच तक्त्यातून निघेल.

## टप्पा ७: बदल, पण खालून वर

आधी वेज. नमुन्यातल्या खेळाडूला ४३ आणि ५६ यांच्या मधे ४७-४८ आणि ५२ अंशांच्या दोन वेज हव्यात. एकच बसवायची असेल तर ४९-५०ची घ्यायची आणि दोन्ही बाजूंना थोडं अंतर सोसायचं. सेटबरोबर मिळणारी गॅप वेज (पिचिंग आणि सँड वेजच्या मधली) घेतली तर फेस आणि शाफ्ट पिचिंग वेजसारखा राहतो, पूर्ण फटक्याला ते बरं पडतं.

मग वरची बाजू. चारचं आयर्न काढा. पाचच्या जागी त्याच लॉफ्टच्या जवळपासचा हायब्रिड मारून बघा. हायब्रिडचं वजन मागे असतं, त्यामुळे बॉल जास्त उठतो आणि उभा उतरतो. नमुन्यात दोन वेज आल्या, चार गेलं, पाचच्या जागी हायब्रिड आला, म्हणजे क्लब एकच वाढला. १४ची मोजणी पुन्हा करा. वर एखादा फेअरवे वुड पडून असेल तर तो बाहेर काढायची वेळ आली आहे.

शेवटी वाकवणं. एखादा क्लब दोन अंश सरकलेला असेल तर मशीनवर सरळ करता येतो. मऊ कार्बन पोलादाचे फोर्ज्ड आयर्न्स सहज वाकतात. १७-४ स्टेनलेसचे (पोलादाचा एक टणक प्रकार) कास्ट हेड टणक असतात, जोर लावला तर होझल (शाफ्ट बसतो तो हेडचा भाग) तडकू शकतो. पोकळ हेड असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला आधीच सांगा आणि कंपनी किती वाकवू देते ते तपासा. दोन अंशांपलीकडे जाऊच नका.

सावधान: लॉफ्ट एक अंश स्ट्राँग केला की सोलचा बाउन्स (क्लबला जमिनीत घुसू न देणारा तळाचा कोन) एक अंशाने घटतो आणि ऑफसेट थोडा वाढतो. वेजवर हे जिवावर बेततं. सहा अंश बाउन्सची वेज दोन अंश स्ट्राँग केली की चार उरतात, आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीत ती बॉलच्या मागे घुसून बसते. अंतर हवं म्हणून वेज स्ट्राँग करण्यापेक्षा योग्य लॉफ्टची दुसरी घ्या.

सावधान: लांबीसाठी शाफ्ट वाढवू नका. शेजारच्या दोन आयर्न्समध्ये साधारण अर्ध्या इंचाचा फरक असतो. शाफ्ट वाढवला की हेड जड वाटू लागतं, लाय बदलतो आणि मध्यावर बॉल लागणं कमी होतं. अमेरिकन व्यावसायिक गोल्फर ब्रायसन डिशॅम्बो सगळे आयर्न्स एकाच लांबीचे वापरण्यासाठी ओळखला जातो, पण त्यासाठी हेडचं वजन, लाय सगळं वेगळं बांधलेलं असतं. बाजारातल्या सेटचे शाफ्ट कापून ते होत नाही.

लाय आणि लॉफ्ट एकाच मशीनवर वाकतात आणि एक हलवला की दुसराही थोडा सरकतो. म्हणून शेवटी दोन्ही पुन्हा मोजून वहीत लिहून घ्या. 'झालं' या शब्दावर पैसे देऊ नका, आकड्यावर द्या.

## टप्पा ८: कोर्सवर पडताळा

इनडोअरची अंतरं कोर्सवर जशीच्या तशी येत नाहीत. तीन गोष्टी धरून चला.

समुद्रसपाटीपासून उंची. हवा विरळ होते, बॉल लांब जातो. दर हजार फुटांना साधारण एक टक्का, किंचित वर. पुणं १८०० फुटांवर आहे, म्हणून मुंबईत १४० कॅरी असणाऱ्याला येरवड्याच्या पूना क्लबवर तीनेक यार्ड जास्त मिळतात. यासाठी क्लब बदलायची गरज नाही. गुलमर्गला मात्र साडेआठ हजार फुटांच्या वर खेळताना दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, दीडशेचे एकशेपासष्ट होतात.

वारा. कुलाब्याच्या यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लबवर समुद्राचा वारा समोरून असेल तेव्हा जोर लावणं ही सगळ्यात महाग चूक. जोराबरोबर स्पिन वाढतो, बॉल वर चढतो आणि तिथेच पडतो. एक-दोन क्लब वरचा घ्या, ग्रिप थोडी खाली धरा आणि सावकाश मारा. स्ट्राँग, कमी स्पिनच्या आयर्न्सना इथे खरा फायदा मिळतो.

ओलं गवत. फेस आणि बॉल यांच्या मधे पाणी आलं की खाचांची पकड सुटते. सात-आठच्या आयर्नने रफमधून (कडेच्या लांब गवतातून) मारलेला बॉल कमी स्पिनमुळे दहा-पंधरा यार्ड जास्त पळू शकतो. पावसाळ्यात फटक्याआधी फेस पुसा. रफमधून मागे धोका असेल तर एक क्लब कमी घ्या.

तपासणी: पुढच्या तीन-चार राउंडमध्ये ग्रीनवर प्रत्येक आयर्नचा फक्त पडण्याचा ठसा बघा. तो पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) अलीकडे की पलीकडे, आणि ठशापासून बॉल किती पळाला, दोन शब्दांत लिहा. कॅडीला सांगितलंत तर तो तुमच्यापेक्षा प्रामाणिक नोंद ठेवेल.

## नवा सेट घ्यायचाच असेल तर

वही सोबत न्या. दुकानात सातचं आयर्न मारायच्या आधी विक्रेत्याकडून त्याचा लॉफ्ट आणि पिचिंग वेजचा लॉफ्ट विचारा, आणि तुमच्या सेटमधला त्याच लॉफ्टचा क्लब शेजारी मारून बघा. २८ अंशांच्या नव्या सातची तुलना तुमच्या जुन्या ३४च्या सातशी नाही, जुन्या ३०च्या सहाशी किंवा २७च्या पाचशी करायची. त्यानंतरही कॅरी जास्त आली आणि बॉल तेवढाच उभा उतरला, तर हेडने खरंच काम केलं. बहुतेकदा पाच-सहा यार्ड मिळतात, पंधरा नव्हे.

सातवर समाधान झालं की पाचचं आयर्न मागा. डेमोला सात ठेवतात, कारण सात सगळ्यांना जमतं. पाच नीट उडत नसेल तर सेट सहापासून घ्या आणि उरलेल्या पैशांत वेज बसवा. विक्रेता पूर्ण सेटवरच सूट देत असेल तर चार-पाचचे आयर्न्स तो वेगळे विकेल का ते विचारा.

फोर्ज्ड सेट असेल तर लॉफ्ट वर्षातून एकदा मोजून घ्या, मॅटवर रोज मारत असाल तर सहा महिन्यांनी. मोजताना पिचिंग वेज आणि नऊ विसरू नका, मॅटवर सगळ्यात जास्त आपटतात ते हेच.